माहेरची तहान, सासरचे मीठ

आमच्या सांगली जिल्ह्यात पाण्यावर बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते: आपल्या हक्काचे इतके टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी समुद्राला वाहून जाते आणि वाया जाते. गेल्या काही वर्षांत त्याच्या जोडीला दुसरे वाक्य आले आहे. समुद्रात पाण्याला तोटा नाही, विज्ञान एवढे पुढे गेले आहे, तेव्हा तेच पाणी गोडे करून आणले की दुष्काळ कायमचा हटेल. माझे माहेर जत तालुक्यातले, सासर वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठचे, आणि नोकरीची सारी वर्षे सांगलीत भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली. पाणी कमी पडले की काय होते ते एका घरात पाहिले, जास्त झाले की काय होते ते दुसऱ्या घरात पाहिले, आणि पाणी उचलायला किती शक्ती लागते याची उदाहरणे मुलांकडून फळ्यावर सोडवून घेतली. त्यामुळे ही दोन वाक्ये ऐकली की हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही, आणि हिशेब मांडला की काळजी वाटू लागते, कारण त्यांच्यावर विसंबून घेतलेले निर्णय पुढच्या पिढ्यांना निस्तरावे लागतील.

माणसाची गरज वाढते आहे यात शंका नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये जगाची लोकसंख्या 800 कोटींवर पोहोचली. पृथ्वीवरील पाण्यापैकी सुमारे 97 टक्के पाणी समुद्रात आहे. गोडे पाणी अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातलाही दोनतृतीयांशाहून मोठा भाग बर्फाच्या रूपात गोठलेला. अशा स्थितीत माणसाची नजर समुद्राकडे वळावी हे स्वाभाविकच आहे. मात्र याच चित्रातला एक आकडा सभांमध्ये फारसा कोणी उच्चारत नाही: नद्या, तलाव आणि भूगर्भ यांतून जगभर जे गोडे पाणी उपसले जाते, त्यातले सुमारे 70 टक्के शेतीला लागते. टंचाई म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रिकामी घागर येते, पण घागर भरायला फार थोडे पाणी पुरते. मोठी तहान शेताची आहे. समुद्राकडे काय मागता येईल आणि काय मागता येणार नाही, हे या फरकावरून ठरते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ते वेगळे काढण्याची आजची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे ते पाणी वातावरणाच्या सुमारे साठपट दाबाने अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून ढकलणे. आपल्या घरातल्या आरओ यंत्रात तत्त्व हेच असते, दाब मात्र बराच कमी असतो. एवढा दाब निर्माण करायला वीज लागते. आजच्या चांगल्या प्रकल्पांत एक घनमीटर, म्हणजे 1000 लिटर, गोडे पाणी मिळवण्यासाठी साधारण तीन ते चार युनिट वीज खर्च होते. अर्धे पाणी गोडे करून उरलेले परत सोडायचे म्हटले तर निसर्गनियमांनी घालून दिलेली किमान मर्यादा एका युनिटाच्या आसपास येते; तिच्याखाली कितीही हुशार अभियंता जाऊ शकणार नाही. म्हणजे सुधारणेला अजून वाव आहे, पण तो वाव अमर्याद नाही.

या तंत्राविषयी मला मनापासून आदर आहे. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव कोरडे पडले, तेव्हा मिंजूरचा 2010 मधील आणि नेम्मेलीचा 2013 मधील असे दोन प्रकल्प त्या शहराला समुद्राचे पाणी गोडे करून देत होते. त्या प्रत्येकाची क्षमता दररोज 10 कोटी लिटरची होती. नेम्मेलीला फेब्रुवारी 2024 मध्ये दररोज 15 कोटी लिटरचा आणखी एक प्रकल्प सुरू झाला. लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर तर राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने 2005 मध्येच वेगळी वाट शोधली. समुद्राच्या पृष्ठभागावरचे कोमट पाणी कमी दाबाखाली आणले की त्याची वाफ होते, आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निवते; अशा रीतीने तिथे दररोज एक लाख लिटर गोडे पाणी मिळू लागले. ज्या बेटावर नदी नाही आणि विहिरीत खारे पाणी शिरते, तिथल्या बाईच्या दृष्टीने याचे मोल काय असेल, ते जतमध्ये वाढलेल्या माझ्यासारखीला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता हेच पाणी सांगलीला आणायचे ठरवू. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. एक घनमीटर पाणी एवढ्या उंचीवर चढवायला निव्वळ गणिताने दीड युनिट लागते, आणि पंपातली व पाइपातली तूट धरली तर दोन युनिट. मधल्या घाटाचा माथा याहून उंच आहे, तो सध्या बाजूला ठेवू. गोडे करण्याची साडेतीन आणि चढवण्याची दोन, मिळून साडेपाच युनिट झाली. पाटाने पाणी दिलेल्या उसाला पिकाच्या काळात हेक्टरी 20,000 घनमीटर पाणी सहज जाते. म्हणजे एका हेक्टरमागे 1,10,000 युनिट वीज. युनिटला सहा रुपये दर धरला तरी 6,60,000 रुपये. चांगल्या शेतकऱ्याचा ऊस हेक्टरी 100 टन निघाला आणि टनाला साडेतीन हजार रुपये मिळाले, तर हाती येणार 3,50,000 रुपये. बी, खत, मजुरी, तोडणी यांतले काहीच अजून मोजलेले नाही. एकट्या पाण्याची वीजच उसाच्या किमतीच्या जवळपास दुप्पट झाली.

हाच हिशेब माणसाच्या पिण्या-वापरण्याच्या पाण्याला लावला तर चित्र पालटते. ग्रामीण घरांसाठी माणशी रोज 55 लिटर हे प्रमाण जलजीवन मिशनने धरले आहे. वर्षाला ते 20 घनमीटर होते, आणि त्याला वीज लागेल सुमारे 110 युनिट, म्हणजे महिन्याला नऊ-दहा. वेळ पडली तर कोणतेही शहाणे सरकार एवढा खर्च सोसू शकेल. समुद्र आपली घागर भरू शकतो, आपला फड भिजवू शकत नाही, आणि पडद्यांच्या तंत्रात आणखी सुधारणा झाली तरी या निष्कर्षात फरक पडेल असे मला वाटत नाही.

एप्रिल 2016 मध्ये मिरज जंक्शनवरून लातूरला रेल्वेने पाणी गेले होते, ते अनेकांना आठवत असेल. सुरुवातीला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर गेले आणि पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका फेरीत 25 लाख लिटर जाऊ लागले. कृष्णेचे पाणी तिकडच्या लेकराबाळांच्या तोंडी पडते आहे याचा आम्हा सर्वांना अभिमान वाटला, आणि तो वाटणे रास्तच होते. पण 25 लाख लिटर म्हणजे 2,500 घनमीटर. आमच्याकडच्या एका हेक्टर उसाला लागणारे पाणी न्यायचे तर अशा आठ गाड्या भराव्या लागतील. सगळ्या देशाने ज्या गाडीची छायाचित्रे पाहिली, ती काठोकाठ भरलेली गाडी आमच्या काठावरच्या सुमारे साडेबारा गुंठ्यांचे वर्षाचे पाणी घेऊन जात होती.

वीज कुठून आणायची हाही प्रश्न आहेच, आणि त्याचे आमच्या बाजूचे उत्तर म्हणजे कोयना. कोयना नदी स्वभावतः पूर्वेची. ती कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. धरणामुळे तयार झालेल्या शिवसागर जलाशयातले काही पाणी मात्र बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेले जाते, पोफळीला आणि पुढे कोळकेवाडीच्या खाली वीज तयार करते आणि वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या पश्चिमेकडच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. एकूण 1,960 मेगावॅट क्षमतेच्या या प्रकल्पाने महाराष्ट्राच्या कारखानदारीला उभे केले, आणि 13 मार्च 1999 रोजी भरल्या जलाशयाच्या तळाशी बोगदा फोडण्याचे जे काम इथल्या अभियंत्यांनी केले, ते आशियात पहिलेच होते. या साऱ्या उतारावरून खाली जाताना एक घनमीटर पाणी सव्वा ते दीड युनिट वीज देते. समुद्राचे एक घनमीटर पाणी गोडे करायला साडेतीन युनिट लागतात. म्हणजे एक लिटर पाणी समुद्रातून गोडे करून घ्यायचे तर कोयनेचे सुमारे अडीच लिटर गोडे पाणी समुद्राकडे सोडावे लागेल. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. सौरऊर्जा आली की हे बदलेल असे कोणी म्हणेल, आणि काही अंशी ते खरे आहे. पण सौरऊर्जेने चालणारा याहून कितीतरी मोठा प्रकल्प आपल्या डोक्यावर आधीच सुरू आहे.

एक घनमीटर पाण्याची वाफ करायला सुमारे 680 युनिटांइतकी ऊर्जा लागते, म्हणजे पडद्याने गोडे करण्याच्या जवळपास दोनशेपट. हे काम सूर्य अरबी समुद्रावर आणि त्याच्याही दक्षिणेच्या हिंदी महासागरावर दरवर्षी करतो, आणि नैऋत्येचे वारे ती वाफ सह्याद्रीपर्यंत वाहून आणतात. कोयना धरणाची साठवण क्षमता 105 टीएमसीच्या थोडी वर, म्हणजे सुमारे 298 कोटी घनमीटर आहे. ते एकदा भरण्याएवढ्या पाण्याची वाफ करायला सूर्याने खर्च केलेली ऊर्जा दोन लाख कोटी युनिटांवर जाते. आपल्या सबंध देशात वर्षभरात तयार होणारी वीज साधारण एवढीच आहे. समुद्राची संपत्ती वापरायला आपण अजून शिकलो नाही असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा मला हा आकडा आठवतो. समुद्राचे पाणी गोडे होऊन, घाट चढून, आपल्या दारात दरवर्षी येते, आणि त्याचे वीजबिल येत नाही.

ते सारखे वाटले जात नाही, हे मात्र खरे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जत-आटपाडीच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास, तोही हुलकावण्या देत. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. आमच्या गल्लीत होड्या फिरत होत्या आणि माझा भाऊ फोनवर सांगत होता की त्यांच्याकडे अजून टँकरच येतो आहे. एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात, एकाच आईच्या दोन लेकरांच्या घरी ही स्थिती होती. समुद्राने आपले काम केले होते. पुढचे काम माणसाचे होते.

सासरच्या शेताविषयी मला जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रश्नाची दुसरी बाजू मला तिथे कळली. माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणी नदीवर सहकारी उपसा योजना झाल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-हरभरा पिकवणाऱ्या काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. घर पक्के झाले, मुले शिकली, माझ्या लग्नात मांडवावर विजेची माळ होती. उसाने आम्हाला जे दिले ते मी कधी नाकारणार नाही. पण काळ्या जमिनीचा निचरा मंद असतो. वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त पाणी दिले की भूजलाची पातळी वर येत जाते, जमिनीखालचे क्षार त्या पाण्यात विरघळतात, केशाकर्षणाने वर चढतात, आणि ऊन लागले की पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सरीच्या वरंब्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसू लागते. पहिल्या वर्षी उगवण विरळ होते, पुढे ठिपक्याठिपक्यांनी ऊस पिवळा पडतो, आणि काही वर्षांत तिथे लव्हाळ्याशिवाय काही येत नाही. आमच्याकडे अशा रानाला क्षारपड म्हणतात, आणि वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत व पलीकडे शिरोळमध्ये अशी राने गावोगाव आहेत. सासऱ्यांना ते अखेरपर्यंत पटले नाही. ज्या पाण्यासाठी बापजाद्यांनी आभाळाकडे डोळे लावले, तेच पाणी जमीन मारते यावर त्यांचा विश्वास बसेना, आणि त्यांना पटवण्याचा हट्ट घरात कोणी धरला नाही.

पुढे माझ्या दिरांनी शेजारच्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून घेतले, जिप्सम घातले, हिरवळीच्या खतासाठी धैंचा गाडला. जमीन हळूहळू सुधारते आहे. पण पाइपातून जे पाणी बाहेर पडते ते खारट असते. ते नाल्यात जाते, नाला नदीत जातो, आणि नदी ते पुढच्या गावाला, पुढच्या राज्याला देते. मीठ नाहीसे होत नाही, त्याची जागा बदलते. यात आणखी एका मिठाची भर पडते, ज्याचा विचार आम्ही क्वचितच करतो. उसाला आणि द्राक्षाला जे पोटॅश आपण घालतो, ते जवळजवळ सगळे परदेशातून येते, आणि ते एक तर फार प्राचीन काळी आटून गेलेल्या समुद्रांच्या थरांतून खणलेले असते किंवा मृत समुद्राच्या पाण्यातून काढलेले असते. तासगावचा बागायतदार द्राक्षावर समुद्री शैवालाच्या अर्काची फवारणी करतो, तीही समुद्राचीच देणगी. समुद्रापासून इतक्या दूर राहणारे आम्ही त्याच्या संपत्तीवर किती अवलंबून आहोत, हे खताच्या दुकानातही दिसते.

समुद्राचे पाणी गोडे करताना मागे जे उरते, त्याकडे मी म्हणूनच वेगळ्या नजरेने पाहते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाच्या अभ्यासानुसार जगभरातले सुमारे 16,000 प्रकल्प दररोज साडेनऊ कोटी घनमीटर गोडे पाणी तयार करत होते आणि त्याबरोबर 14 कोटी घनमीटरहून अधिक अतिखारे पाणी बाहेर टाकत होते. एक लिटर गोड्या पाण्यामागे दीड लिटर खारे. ते जड असल्यामुळे तळाशी बसते. नीट पसरवून, पुरेशा प्रवाहात सोडले नाही तर तिथल्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि तळाशी राहणाऱ्या जीवांना त्रास होतो. खुल्या, खोल समुद्रात योग्य रचना करून सोडल्यास हा परिणाम आटोक्यात राहतो, पण खाडीच्या तोंडाशी, जिथे मासे अंडी घालतात, तिथे तो मोठा असू शकतो. समुद्र एवढा अफाट आहे, त्याला काय होणार, असे म्हणणाऱ्यांना मी आमचे रान दाखवीन. आमच्या काळ्या जमिनीविषयीही आम्हाला असेच वाटले होते.

समुद्राला किती मिळते, याचाही हिशेब ठेवावा लागतो. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा चार राज्यांतून सुमारे 1,400 किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात हंसलदेवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. कृष्णेच्या पहिल्या पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, 2,060 टीएमसी पाणी तीन राज्यांत वाटले. त्यातले 560 महाराष्ट्राला, 700 कर्नाटकाला आणि 800 आंध्र प्रदेशाला मिळाले. या वाटणीत समुद्राचा वाटा असा कुठे नव्हता; जे उरेल ते त्याचे. 2001 ते 2004 या तुटीच्या वर्षांत कृष्णेचे पाणी समुद्रापर्यंत जवळजवळ पोहोचलेच नाही. नदीचे गोडे पाणी आणि गाळ मुखाशी आला नाही की त्रिभुज प्रदेशाची जमीन झिजू लागते, समुद्राचे पाणी भूगर्भातून आत सरकते आणि विहिरी खाऱ्या होतात. कोळंबी आणि कितीतरी मासे आपल्या वाढीचा काही काळ खाडीच्या मचूळ पाण्यात काढतात, आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना लागणारी पोषकद्रव्ये नद्याच वाहून नेतात. सासरच्या रानात क्षार खालून वर येतात आणि तिथल्या शेतात ते बाजूने आत शिरतात. दोन्ही ठिकाणी कारण आमच्या पाणी वापरण्यातच आहे. न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या लवादाने 2010 च्या निवाड्यात नदीच्या किमान प्रवाहासाठी वेगळे पाणी धरले. न्यायालयीन वादामुळे तो निवाडा अजून अमलात आलेला नाही, पण नदीलाही पाणी लागते हे कागदावर आले, याचे मला समाधान आहे. समुद्राला गेलेले पाणी वाया जाते, हे वाक्य व्यासपीठावरून पुन्हा उच्चारताना वक्त्याने क्षणभर थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माशांविषयी थोडेच लिहिते, कारण त्या विषयावर बोलण्याचा खरा अधिकार कोकणातल्या लोकांचा. समुद्रातून पकडल्या जाणाऱ्या माशांचे जगाचे एकूण उत्पादन 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून फारसे वाढलेले नाही. वाढ झाली ती मत्स्यशेतीत, आणि 2022 मध्ये जलचर प्राण्यांच्या उत्पादनात मत्स्यशेतीने समुद्रातल्या व नद्यांतल्या मासेमारीला मागे टाकले. महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले ते त्याची संख्या घटते आहे म्हणूनच. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा नियम पाळला जावा, एवढे तरी आपण खाणाऱ्यांनी मागितले पाहिजे.

हे सारे मांडल्यावर समुद्राकडून मागायचे ते काय, असा प्रश्न मला विचारला जातो. किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांनी आपले पिण्याचे पाणी शक्य तेवढे समुद्रातून घ्यावे, असे माझे मत आहे. मुंबईत मनोरीला दररोज 20 कोटी लिटरचा प्रकल्प आखला गेला आहे. तो नेटाने पूर्ण व्हावा. मुंबईला पाणी देणाऱ्या धरणांच्या शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन फिरतात, आणि मुंबईने समुद्रातून घेतलेला प्रत्येक लिटर त्यांच्यासाठी मागे ठेवता आला, तर त्या विजेचे सार्थक होईल. तसा स्पष्ट करार मात्र आधी व्हायला हवा. नुसते जास्तीचे पाणी मिळाले तर शहर तेही पिऊन टाकील.

आम्ही घाटमाथ्यावरच्या लोकांनी समुद्राची वाट पाहू नये. इस्राएलचे नाव आपल्याकडे गोड्या केलेल्या समुद्राच्या पाण्यासाठी घेतले जाते, पण त्या देशाने त्याहून मोठी गोष्ट केली: वापरलेल्या सांडपाण्यापैकी 85 टक्क्यांहून अधिक पाणी शुद्ध करून शेतीला दिले. सांगलीचे सांडपाणी शेरी नाल्यातून कृष्णेला मिळते हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ते शुद्ध करून तासगाव तालुक्यातल्या धुळगावकडे शेतीसाठी नेण्याची योजनाही आखली गेली होती. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम क्षार असतात. सांडपाण्यात त्याचा अगदी लहान अंश असतो, आणि ते घाटाखालून वर चढवावेही लागत नाही. ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले तर आपल्यासाठी पाण्याचा सर्वांत स्वस्त नवा झरा आपल्याच गटारात आहे, आणि याची किळस वाटून घेण्याचे दिवस आता गेले.

माहेरी आता म्हैसाळ उपसा योजनेने पंपाने उचललेले कृष्णेचे पाणी येते. जतच्या पूर्व भागातल्या काही गावांनी एकेकाळी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. त्या रागामागे किती उन्हाळे होते ते मी लहानपणी पाहिले आहे. भावाच्या रानात डाळिंबाला ठिबक आहे. टाकारी, म्हैसाळ आणि टेंभू या योजनांच्या वीजबिलातले 81 टक्के शासन भरते आणि 19 टक्के शेतकरी, म्हणजे त्या पाण्याच्या प्रत्येक थेंबात ज्यांनी कधी जत पाहिले नाही अशा माणसांचाही पैसा आहे. आणि तरीही, पाणी पोहोचले त्या गावांत सर्वांत आधी ऊस दिसू लागला. मी भावाला याविषयी बोलले तेव्हा तो म्हणाला, “अक्का, उसाला कारखाना आहे, दर ठरलेला आहे. डाळिंबावर तेल्या पडला तर मला कोण विचारतं?” त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. जोपर्यंत ज्वारी, तूर, करडई यांना उसासारखी खरेदीची हमी मिळत नाही, तोपर्यंत शेतकऱ्याला पाणी जपून वापरायला सांगण्याचा अधिकार आपल्याकडे अर्धाच आहे.

तरी या जिल्ह्याने वाटणीचा एक धडा जगाला दिलेला आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात, मुक्ती संघर्ष चळवळीच्या आणि तिचे नेते डॉ. भारत पाटणकर यांच्या साथीने, बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतली वाळू ठेकेदारांनी नेण्याऐवजी गावाने विकायची आणि त्या पैशाचा धरणाला हातभार लावायचा, अशी कल्पना होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा असेल, हे तत्त्व तिथे मान्य झाले. पाणी जमिनीला चिकटलेले नसून माणसाच्या वाट्याचे आहे, हे एका लहानशा नदीवर, एका लहानशा बंधाऱ्यावर ठरले. समुद्राच्या संपत्तीविषयी आज जगभर जे वाद चालू आहेत, हिंदी महासागराच्या तळावरचे धातूंचे गोळे कोणी काढायचे आणि खोल समुद्रातली मासळी कोणी न्यायची, त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्यांनी येरळेच्या काठी येऊन पाहावे असे मला मनापासून वाटते.

माझा भाचा, भावाचा धाकटा मुलगा, सध्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या पडद्यांवर पुढे काम करायचे आहे. जतच्या मुलाने हा विषय घ्यावा याचा मला आनंद आहे, आणि माझा वरचा हिशेब ऐकूनही त्याचा निश्चय ढळला नाही याचा अधिक. तीन युनिटांवरून दीडवर आणता आले तरी कोकणातली आणि बेटांवरची किती गावे तरतील, असे तो म्हणतो, आणि ते खरे आहे. मी त्याला एवढेच सांगितले की पडद्याच्या अलीकडे जे उरते त्याचाही अभ्यास तेवढ्याच आस्थेने कर. त्यानंतर तो माझ्या सासरी जाऊन निचऱ्याच्या पाइपाच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्याचे नमुने भरून घेऊन गेला. त्या पाण्याची क्षारता समुद्राच्या मानाने फारच कमी आहे, त्यामुळे ते गोडे करायला दाबही कमी लागेल आणि वीजही, आणि मग तेच पाणी पुन्हा रानाला देता येईल, असे त्याचे म्हणणे आहे. यंत्राचा आकार, पडद्याची जात, सौर पंपाची क्षमता, हे सर्व त्याने कागदावर मांडले आहे. शेवटी बाटलीच्या तळाशी जे मीठ उरेल ते नाल्यात न सोडता कुठे ठेवायचे, यावर आमची दोघांची चर्चा अजून चालू आहे.